वियोगाआधीचा शोक आणि समाजाचे कर्तव्य

एखाद्या घरात मृत्यू झाला की पुढे काय करायचे, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावे लागत नाही. त्या घरात चूल पेटत नाही. शेजारच्या घरातून पिठले-भात येतो. दहा दिवस घर माणसांनी भरलेले राहते. दहावा-तेरावा पार पडेपर्यंत शोकाकुल कुटुंबाला एकटे सोडले जात नाही. ज्याला सुचेल तो दोन शब्द बोलतो, ज्याला सुचत नाही तो नुसता बसून राहतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून घडलेली ही रीत म्हणजे दुःखी मनाला सावरणारी एक व्यवस्थाच आहे.

परंतु मृत्यूच्या कितीतरी आधीच ज्या घरात शोक शिरतो, त्या घरासाठी समाजापाशी कोणती रीत आहे? मेंदूच्या कर्करोगाने ग्रासलेल्या रुग्णाचे घर हे असे घर असते. तेथे माणूस डोळ्यांसमोर असतो, श्वास घेत असतो, आणि तरीही दिवसागणिक दुरावत जातो. तेरा दिवसांच्या दुःखाला सामोरे जाण्याची रीत आहे. तेरा महिन्यांच्या दुःखाला मात्र ती नाही. रुग्णालयाच्या कागदपत्रांत रुग्ण एकच नोंदलेला असतो. प्रत्यक्षात त्याच्यामागे एक संपूर्ण कुटुंब आजारी पडलेले असते, आणि त्या कुटुंबाच्या मनाचा केसपेपर कोणीच काढत नाही.

रोग अवयवाचा नव्हे, माणसाच्या ओळखीचा

कर्करोग कोणताही असो, तो कुटुंबाची परीक्षा पाहतोच. मात्र यकृताच्या वा फुप्फुसाच्या कर्करोगात शरीर खंगले, तरी आतला माणूस बहुधा शेवटपर्यंत ओळखीचा राहतो. मेंदूत गाठ वाढू लागते तेव्हा आघात होतो तो स्मृती, वाणी, विवेक आणि स्वभाव यांच्यावरच. कपाळामागील भागात गाठ असेल, तर शांत, मितभाषी गृहस्थ अचानक शिवीगाळ करू लागतो. पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस वाटेल तसा खर्च करतो. किंवा याच्या अगदी उलट, घराचा कर्ता पुरुष तासन्‌तास भिंतीकडे पाहत बसून राहतो. भाषेच्या केंद्राजवळ गाठ असेल, तर पाणी हवे असताना पाणी हा शब्दच सापडत नाही. कानशिलामागील भागात असेल, तर सकाळी घडलेली गोष्ट दुपारी आठवत नाही. त्यातच आकडी केव्हा येईल याचा नेम नसतो.

औषधांचाही यात वाटा असतो. गाठीभोवतीची सूज उतरवण्यासाठी दिले जाणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड अत्यावश्यक असते. परंतु त्याने झोप उडते, भूक अवाजवी वाढते, चिडचिड आणि अस्वस्थता बळावते. आकडी रोखणाऱ्या काही औषधांनीही रुग्ण तापट होऊ शकतो. हे सारे आजारामुळे वा औषधामुळे घडत आहे, हे वेळीच कोणी समजावून सांगितले नाही, तर घरचे लोक त्याचा अर्थ आपल्या परीने लावतात. माणूस बदलला, त्याचे आपल्यावरचे प्रेम उरले नाही, तो मुद्दाम त्रास देतो, असे त्यांना वाटू लागते.

निदानापूर्वीचे महिने तर याहून कठीण असतात. डोकेदुखी आणि विसराळूपणा यांना कामाचा ताण म्हटले जाते, विचित्र वागण्यावरून भांडणे होतात, कोणी बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारे करते. मग एके दिवशी एमआरआयच्या चित्रात गाठ दिसते, आणि ज्या पत्नीने महिनाभर अबोला धरला होता, ज्या मुलाने वडिलांना उलट उत्तरे दिली होती, त्यांच्या मनात अपराधीपणाची एक खोल सल उरते. शस्त्रक्रियेने गाठ काढता येते. ही सल काढण्यासाठी कोणीतरी शांतपणे सांगावे लागते, की त्यांनी ओळखले नाही यात त्यांचा दोष नव्हता. अनेकदा डॉक्टरांनाही ती लक्षणे प्रथमदर्शनी ओळखता येत नाहीत.

मेंदूतील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, हेही येथे नमूद केले पाहिजे. मेंदूच्या आवरणातून उगवणाऱ्या मेनिन्जिओमाच्या बहुतेक गाठी सौम्य असतात आणि शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्ण दीर्घकाळ व्यवस्थित जगतात. परंतु ग्लायोब्लास्टोमा हा प्रौढांमध्ये आढळणारा सर्वांत आक्रमक प्रकार मात्र अद्याप वैद्यकशास्त्राला पुरता दाद देत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत किरणोपचारांना टेमोझोलोमाइड या औषधाची जोड देण्यात आली. त्यामुळे रुग्णांचा मध्यम आयुष्यकाल सुमारे १२ महिन्यांवरून साडेचौदा महिन्यांवर गेला, आणि दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर पोहोचले. तीच उपचारपद्धती आज जगभर आधारभूत मानली जाते. वैद्यकशास्त्राचे हे यश निश्चितच आहे. मात्र वाढलेल्या या प्रत्येक महिन्याबरोबर शुश्रूषेचा महिनाही वाढतो, आणि तो कोण व कसा निभावणार, याचा विचार उपचारांच्या आराखड्यात क्वचितच असतो.

जिवंतपणी होणारा वियोग

अमेरिकेतील अभ्यासक पॉलीन बॉस यांनी युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना १९७०च्या दशकात एक संकल्पना मांडली. तिला मराठीत संदिग्ध वियोग म्हणता येईल. माणूस देहाने नाही, पण मनातून जात नाही, हा तिचा एक प्रकार. माणूस देहाने समोर आहे, पण मनाने हरवला आहे, हा दुसरा. दोन्हींत शोकाला अंत नसतो, कारण शोक करण्याची परवानगीच नसते. बेपत्ता सैनिकाच्या पत्नीला कुंकू लावावे की पुसावे हे ठरवता येत नाही. मेंदूच्या कर्करोगाने ग्रासलेल्या रुग्णाच्या पत्नीला रडावे की आशा धरावी हे ठरवता येत नाही. रडली तर ‘आत्तापासूनच काय रडतेस, अभद्र बोलू नकोस’ असे ऐकावे लागते. हसली, केसांत गजरा माळला, तरी लोकांच्या नजरा वळतात.

दर दोन-तीन महिन्यांनी होणारा एमआरआय हा या घराचा नवा पंचांग ठरतो. अहवाल येईपर्यंत घर श्वास रोखून असते. तो चांगला आला तर काही आठवडे दिलासा, नंतर पुन्हा तीच धास्ती. रात्री रुग्णाने कूस बदलली तरी आकडी आली की काय, या भीतीने जाग येते. झोपमोड, पाठदुखी, वाढलेला रक्तदाब, स्वतःच्या आजारांकडे दुर्लक्ष, आणि या साऱ्याच्या तळाशी एक विचार, जो कोणाजवळही बोलता येत नाही: ‘हे सारे लवकर संपावे.’ हा विचार मनात येतो तो निष्ठुरपणामुळे नव्हे, तर पराकोटीच्या थकव्यामुळे. अशा स्थितीत सापडलेल्या असंख्य चांगल्या माणसांच्या मनात तो येऊन जातो, एवढे जरी जाणत्या व्यक्तीने सांगितले, तरी मनावरचे ओझे हलके होते.

कुटुंबव्यवस्थेचा अभिमान आणि वास्तव

भारतीय कुटुंबव्यवस्थेचा सार्थ अभिमान बाळगणाऱ्यांनीच या प्रश्नाकडे अधिक गांभीर्याने पाहिले पाहिजे. पाश्चात्य देशांत जे काम संस्था करतात ते आपल्याकडे कुटुंब करते, हे खरे आहे. परंतु कुटुंब करते म्हणजे प्रत्यक्षात कोण करते? बहुतेक घरांत उत्तर एकच असते: पत्नी, आई, सून किंवा अविवाहित मुलगी. बाकीचे कुटुंब सल्ला देते. कोणी गोमूत्राचा, कोणी काढ्याचा, कोणी दूरच्या गावातील हमखास गुण देणाऱ्या वैदूचा पत्ता आणून देते, आणि तो उपाय केला नाही तर ‘पैसा वाचवायला बघतात’ असा ठपकाही ठेवते. भेटायला येणारे ‘कसे झाले, केव्हा कळले, डॉक्टर किती दिवस म्हणाले’ अशी चौकशी करतात आणि त्यांना चहा करून देण्यात त्या गृहिणीचा विसाव्याचा अर्धा तास जातो.

शिवाय ते जुने कुटुंबही आता उरलेले नाही. वाड्यात दहा माणसे एकत्र राहत तेव्हा आजाऱ्याजवळ आळीपाळीने बसता येत असे. आज पिंपरीतील वा डोंबिवलीतील दोन खोल्यांत पती-पत्नी आणि एक शाळकरी मूल राहते. भाऊ बंगळुरूला, बहीण परदेशात. ‘आमच्या आजी-पणजींनी समुपदेशकावाचून दुःखे पचवली’ असे म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. त्या आजी-पणजींना समुपदेशक लागला नाही, कारण त्यांच्याजवळ जाऊ होती, नणंद होती, ओसरीवर बसणारी शेजारीण होती. समुपदेशन हे परकीय थेर नव्हे. हरवलेल्या ओसरीची ती भरपाई आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. प्रेमापोटी रुग्णापासून निदान लपवण्याची प्रथा आपल्याकडे सर्रास आहे. ‘त्याला धक्का बसेल’ म्हणून पत्नी पतीशी खोटे बोलते, आणि पतीला अंदाज आलेला असला तरी तो पत्नीसाठी न कळल्याचे सोंग करतो. दोघेही एकाच खोलीत एकाकी होतात. अन्य आजारांत ही कोंडी फोडायला कधीकधी वेळ मिळतो. मेंदूच्या कर्करोगात मात्र बोलण्याची, समजण्याची आणि निर्णय घेण्याची शक्तीच आधी जाऊ शकते. बँकेची खाती, मृत्युपत्र, मुलांच्या शिक्षणाची सोय, आणि शेवटी कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवायचे की नाही, या साऱ्यांविषयी रुग्णाची इच्छा विचारण्याचा काळ मर्यादित असतो. गंभीर आजारात कृत्रिम जीवरक्षक उपचार नकोत, असे लेखी नोंदवून ठेवण्याच्या अधिकाराला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ केली. पण तो विषय घरात काढणार कोण? तो वेळीच निघाला नाही, तर अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या एकाच थकलेल्या माणसाला तो निर्णय घ्यावा लागतो, आणि ‘मी चुकले का’ हा प्रश्न त्याला पुढे आयुष्यभर छळतो. अनुभवी समुपदेशकाच्या उपस्थितीत झालेला एक तासाचा संवाद हे टाळू शकतो.

वाट आपल्याच देशात आहे

कुटुंबाला उपचारांत सामावून घेण्याचा विचार आपल्या देशाला नवा नाही. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहू दिले. आजार म्हणजे काय, त्यात कसे वागावे, हे ते कुटुंबांना समजावून सांगत. मनोरुग्णाला घरापासून तोडणे हाच जगभरचा रिवाज असताना हा प्रयोग झाला, आणि मनोविकारशास्त्रात तो भारताचे योगदान म्हणून ओळखला जातो.

केरळमधील कोझिकोडे येथे १९९३ मध्ये वेदनाशमन आणि परिहार सेवेचे काम सुरू झाले. पुढे त्यातून शेजारच्या स्वयंसेवकांनी आपल्याच वस्तीतील असाध्य रुग्णांच्या घरी नियमित जाण्याची चळवळ उभी राहिली. शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार, गृहिणी प्रशिक्षण घेऊन हे काम करू लागले. २००८ मध्ये केरळने या सेवेचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. तेथील स्वयंसेवक औषधाइतकीच घरच्यांची विचारपूस महत्त्वाची मानतात.

महाराष्ट्रातही सेवेची परंपरा समृद्ध आहे. परळच्या टाटा रुग्णालयात १९४१ पासून देशभरातून रुग्ण येतात आणि त्यांच्यासोबत त्यांची माणसे येतात. त्यांच्या निवाऱ्याचा प्रश्न सरकारच्या आधी समाजाने ओळखला. संत गाडगेबाबांच्या नावाने दादरला चालणारी धर्मशाळा आणि १९६८ मध्ये स्थापन झालेली परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी बाहेरगावच्या रुग्णांना व नातेवाइकांना छप्पर आणि अन्न दिले. वांद्र्याच्या शांती अवेदना सदनात १९८६ पासून अंतिम अवस्थेतील कर्करुग्णांची शुश्रूषा होते. देशातील असे ते पहिले केंद्र. पुण्यात वारजे येथे १९९७ मध्ये सुरू झालेल्या सिप्लाच्या केंद्रात रुग्णाबरोबर घरच्या माणसाला ठेवून घेतले जाते आणि शुश्रूषा शिकवली जाते.

निवारा आणि अन्न देणाऱ्या या परंपरेचे पुढचे पाऊल म्हणजे मनाला निवारा देणे. धर्मशाळेत रात्री आठ वाजता जेवणाच्या पंगतीत बसलेल्या वीस कुटुंबांचे दुःख सारखेच असते. त्यांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवून, एखाद्या जाणत्या समुपदेशकासमोर बोलते केले, तर त्याला किती खर्च येईल? स्किझोफ्रेनियासारख्या दीर्घ आजारांत पुण्यात कुटुंबीयांचे स्वमदत गट चालले आहेत आणि त्यांचा उपयोगही दिसून आला आहे. मेंदूच्या कर्करोगासाठी असे गट जिल्ह्याच्या ठिकाणी उभे राहण्यास अशक्य असे काहीच नाही.

उपचारांच्या आराखड्यात कुटुंबाला स्थान

रुग्णालयांपुरते बोलायचे, तर निदान सांगितल्यानंतर आठवड्याभरात कुटुंबासाठी स्वतंत्र भेट ठरवली जावी. पहिल्या दिवशी बसलेल्या धक्क्यात सांगितलेले बहुतेक काही डोक्यात शिरत नाही. या भेटीत गाठ मेंदूच्या कोणत्या भागात आहे, त्यामुळे वागण्यात कोणते बदल संभवतात, आणि ते झाल्यास काय करावे, हे मराठीत, साध्या शब्दांत सांगितले जावे. आकडी आल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये, आणि पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर तातडीने रुग्णालयात न्यावे, एवढी माहिती छापील कागदावर हाती असली, तरी रात्रीची निम्मी भीती ओसरते. शेवटच्या काळात रुग्ण अधिकाधिक झोपू लागतो, गिळणे कठीण होते, तेव्हा बळेच भरवू नये, हेही आधी सांगितलेले असावे. अन्यथा ‘उपाशी ठेवले’ ही खंत मागे राहते.

घरातील मुलांना विसरून चालणार नाही. ‘बाबांना बरे नाही’ एवढ्यावर मुलांची बोळवण होते, आणि आपण त्रास दिला म्हणून बाबा आजारी पडले, असे लहान मूल मनाशी धरून बसते. हा मेंदूचा आजार आहे, तो कोणाच्या वागण्याने झालेला नाही, तो लागत नाही, आणि बाबा रागावतात ते आजारामुळे, ही चार वाक्ये मुलाला सांगितलीच पाहिजेत. शाळेतील वर्गशिक्षकांनाही याची कल्पना असावी.

शासनाकडे साधने नाहीत असे नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती केवळ मनोरुग्णांसाठी नसून शुश्रूषेने खचलेल्या कोणालाही तेथे मराठीतून बोलता येते. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांत मानसिक आरोग्य आणि परिहार सेवा या दोहोंचा समावेश आहे. आशा कार्यकर्ती ज्या आस्थेने बाळंतिणीच्या घरी जाते, त्याच आस्थेने ती अशा घरी गेली आणि रुग्णाबरोबर घरच्या बाईचाही रक्तदाब तिने मोजून घेतला, तर ते मोठे काम ठरेल.

डॉक्टरांना वेळ नाही, हा आक्षेप खरा आहे. पण हे काम डॉक्टरांनीच करावे असे नाही. प्रशिक्षित परिचारिका, समाजसेविका, निवृत्त शिक्षक ते करू शकतात. हा केवळ दयाधर्माचाही प्रश्न नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील संशोधकांनी २०१७ मध्ये ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. परिस्थिती आपल्याला हाताळता येते असा विश्वास ज्या शुश्रूषा करणाऱ्यांना अधिक होता, त्यांचे रुग्ण अधिक काळ जगल्याचे त्यात आढळले. अभ्यास लहान होता आणि त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तथापि शुश्रूषा करणाऱ्याचे मन खचले तर औषधाच्या वेळा चुकतात, लक्षणे दुर्लक्षित राहतात, हे समजायला संशोधनाची गरजही नाही.

शेजारधर्माची नवी रीत

आणि समाजाने काय करावे? भेटायला जाताना फळांची पिशवी नेण्याऐवजी दोन तास नेावेत. ‘काही लागले तर सांगा’ या वाक्याचा काहीच उपयोग होत नाही, कारण मागण्याचे बळ त्या घरात उरलेले नसते. त्यापेक्षा ‘मंगळवारी दुपारी तीन ते पाच मी त्यांच्याजवळ बसेन, वहिनी, तुम्ही झोपा’ असे सांगणारा शेजारी हवा. सहा आठवड्यांचे किरणोपचार म्हणजे आठवड्यातून पाच फेऱ्या. सोसायटीतील पाच जणांनी एकेक वार वाटून घेतला, तर ते घर तरून जाईल. गणेशोत्सव मंडळे, महिला मंडळे, भजनी मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ यांच्यापाशी माणसे आहेत आणि आस्थाही आहे. गरज आहे ती अशा कामाची वेळापत्रकासह आखणी करण्याची, आणि तोंडातून सल्ला निघण्याआधी कान उघडण्याची.

तेराव्या दिवसानंतरही हे संपत नाही. वर्षभर औषधांच्या वेळा सांभाळणाऱ्या हातांना अचानक काहीच काम उरत नाही. रात्री दोनला सवयीने जाग येते आणि उठून जावे असे कोणीच नसते. माणसे परतून गेलेली असतात. नेमका तेव्हा, महिन्याने, तीन महिन्यांनी, वर्षश्राद्धाच्या सुमारास कोणीतरी दार वाजवले पाहिजे. मृत्यूनंतर कसे वागावे याची रीत पूर्वजांनी घालून दिली, कारण त्यांच्या काळी दुःख बहुधा मृत्यूबरोबर घरात येई. आता ते त्याच्या वर्षभर आधी येते आणि वर्षभर नंतरही रेंगाळते. दुःखाची वाट लांबली, तर सोबतीची वाटही लांबवली पाहिजे. ती नवी रीत घालून देणे हे या पिढीचे काम आहे.